घसा काढणाऱ्या मालनबाई

मालनबाई आमच्या घरी पहिल्यांदा आल्या तेव्हा माझा नातू ओजस बारा दिवसांचा होता, आणि त्याला हात लावण्याआधी त्यांनी मला तपासलं. "भाऊ, नखां बगू," म्हणाल्या. मी मुकाट्याने दोन्ही हात पुढे केले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून एकेक बोट पाहिलं आणि निकाल दिला, "कापा. मगे पोराक घ्या." अडुसष्ट वर्षांच्या माणसाची नखं तपासणारी बाई मला त्या दिवशी मुळीच आवडली नाही, हे कबूल करतो. दुसऱ्या दिवशी त्या यायच्या आत मी नखं कापून बसलो होतो, हेही कबूल करतो.

त्यांचं काम म्हणजे बाळाला आणि बाळंतिणीला तेल लावायचं, मालिश करायची, न्हाऊमाखू घालायचं. मरोळहून सकाळी नवाच्या सुमाराला मेट्रोत बसायच्या, अंधेरीला उतरायच्या आणि तिथून चालत कोलडोंगरीत आमच्याकडे. रिक्षा का नाही करत, असं विचारलं तर म्हणायच्या, "रिक्षात हाडां खिळखिळी होतत. मगे पोराक पायावर कसा घेव?" पासष्टीच्या होत्या. मूळच्या कणकवलीकडच्या. लग्न होऊन परळच्या चाळीत आल्या, नवरा सीताराम गिरणीत होता. संप झाला, गिरणी गेली, नवरा घरी बसला. तेव्हा सासूने, रत्नप्रभाबाईंनी, सुनेला आपल्या हाताखाली घेतलं. सासू चाळीतली न्हाणवणारी. तिच्याकडून ही विद्या मालनबाईंकडे आली, आणि तेव्हापासून गेली चाळीस वर्षं याच दोन हातांवर त्यांनी घर चालवलं. सीताराम आता नाही. मालनबाईंचे हात मात्र अजून अशा ताकदीचे आहेत की एकदा माझ्या बायकोची, मृणालिनीची, अवघडलेली मान त्यांनी सहज जाता जाता मोकळी केली आणि ती बिचारी "आई गं" म्हणायलाही विसरली.

आमची इमारत पुनर्विकासातली. बिल्डरने संडास-बाथरूम असं मोजून दिलंय की आत एक माणूस उभा राहिला की दुसऱ्याने बाहेर विचारविनिमय करावा. मालनबाईंनी ते पाहून नाक मुरडलं आणि स्वयंपाकघराला लागून असलेल्या कपडे वाळत घालायच्या गॅलरीत आपला पाट मांडला. पाय लांब करून बसायच्या, नडग्यांवर ओजसला पालथा, मग उताणा. आम्ही तिघंही दारात उभे. मी, मृणालिनी आणि सून गंधाली. माझा मुलगा हर्षद बोटीवर असतो, सहा-सहा महिने समुद्रात. त्याला रोज आंघोळीचा व्हिडिओ पाठवायचा, हे काम माझ्याकडे होतं.

हे काम माझ्याकडे आलं ते उगाच नाही. मी आयुष्यभर अंधेरीतल्या एका स्टुडिओत जाहिरातींच्या फिल्म कापल्या. संकलन हा त्याला चांगला शब्द आहे, पण आम्ही कापणंच म्हणायचो. साबण, चहा, पंखे, सगळं तीस सेकंदांत बसवायचं. फालतू काय ते मला लगेच दिसतं, असा माझा लौकिक होता. निवृत्त झालो तरी सवय गेली नाही. नातवाच्या आंघोळीचा वीस मिनिटांचा व्हिडिओ मी फोनवर कापून दीड मिनिटाचा करायचो आणि मगच हर्षदला धाडायचो. गंधाली हसायची. "बाबा, त्याला सगळं बघायचंय यार, तुम्ही ट्रेलर काय पाठवता!"

त्या ट्रेलरमधला सगळ्यात महत्त्वाचा प्रसंग म्हणजे घसा काढणं. मालनबाईंची खरी ख्याती त्यावर होती. शेवटचा तांब्या ओतायच्या आधी त्या उजव्या हाताचं पहिलं बोट खोबरेल तेलात बुडवायच्या आणि बाळाच्या तोंडात पार घशापर्यंत घालून एक हलका फेरा द्यायच्या. बाळाला उमासा यायचा. लगेच त्याला पालथा करून पाठीवर दोन थापट्या. चिकट, पांढरं काहीतरी पाटावर पडायचं. ते पडलं की आम्ही तिघंही एका सुरात, "शाब्बास! निघाला बघ कफ! शाब्बास रे माझ्या राजा!" मृणालिनी तर टाळ्या वाजवायची. तो कफ होता की मघाशी प्यालेलं दूध, हे विचारायचं आमच्यापैकी कोणाला सुचलं नाही. मालनबाई दिमाखात म्हणायच्या, "माज्या हातच्या पोरांच्या छातीत कदी घरघर गावाची नाय."

आता खरं सांगतो. डॉक्टरांना हे चालत नाही, हे आम्हाला पक्कं माहीत होतं. ओजसच्या डॉक्टर अस्मिता तरुण आहेत, पण त्यांचा दरारा आहे. दोन महिन्यांच्या डोसाला गेलो तेव्हा त्यांनी विचारलंच, "आंघोळीला बाई येतात ना? तोंडात बोट वगैरे घालत नाहीत ना?" मृणालिनी म्हणाली, "छे, छे!" गंधालीने माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीवरच्या जिराफाकडे पाहिलं. आपल्याकडे डॉक्टरांना असं थोडं खोटं सांगतात. त्यांचा मान राहतो, बाईंचाही राहतो, आणि घरी आपल्याला हवं ते करता येतं. मी मूग गिळून बसलो. त्या दिवशी तोंड उघडलं असतं तर पुढे आमच्या घरात रडारड झाली नसती.

ओजस पाच महिन्यांचा झाला आणि त्याला आपले हात सापडले. आधी मूठ चोखायचा. मग एक बोट. मग दोन बोटं, आणि ती आत, आणखी आत, उमासा येईपर्यंत. पहिल्यांदा उलटी झाली तेव्हा आम्हाला वाटलं, दूध जास्त झालं. दुसऱ्या दिवशी दोनदा. आठवड्याभरात असं झालं की गंधालीने त्याला पाजून खांद्यावरून उतरवलं, की दोन मिनिटांत साहेबांची बोटं घशात आणि पाजलेलं सगळं चटईवर. आम्ही किंचाळायचो. एक जण फडकं आणायला पळायचा, एक जण त्याचा हात ओढायचा, मृणालिनी देवाचा धावा करायची. आणि तो आमच्याकडे बघत बसायचा.

उपाय सगळे झाले. हातमोजे घातले, तर मोज्यासकट हात तोंडात आणि वर ओला मोजा चोखायला मिळाला म्हणून खूश. मृणालिनीने कडुनिंबाचा पाला वाटून बोटांना लावला. पहिल्या दिवशी त्याने असं तोंड केलं की आम्हाला जिंकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी तो बोटं चाटून पुसून साफ करून पुन्हा घशात घालत होता. मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढून झाली. दात येताहेत म्हणून रबराचं चावणं आणलं, ते त्याने खाली टाकलं आणि ते उचलायला कोण वाकतंय ते पाहिलं. सहा महिने पूर्ण झाले, नाचणीचं सत्त्व सुरू केलं, तेही बाहेर. सातव्या महिन्याला काटा केला तेव्हा महिनाभरात वजन जेमतेम पन्नास ग्रॅम वाढलं होतं. डॉक्टर अस्मितांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, "दोन आठवडे बघू. नाहीतर तपासण्या कराव्या लागतील."

मालनबाई हे सगळं रोज बघत होत्या. एका शुक्रवारी त्यांनी ओजसचं पोट दाबून पाहिलं, जीभ पाहिली, मग गंधालीला समोर बसवून तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि निकाल दिला.

"दूध अंगाक लागणा नाय ह्येका. आईचा दूधच वायट आसात तर पोर काय करतला? बोटां घालून भायर काढता. अंगावरचा बंद करूक व्हया. सोमवारपासून वरचा दूध लावा."

हे त्यांनी दुष्टपणाने सांगितलं नाही. उलट आवाज खाली आणून, गंधालीच्या पाठीवर हात ठेवून सांगितलं. पण शब्द शेवटी तेच. गंधालीचा चेहरा पडला. सात महिने ही मुलगी रात्री दोन-दोन तास झोपली होती, घरून ऑफिसचं काम करत कॅमेरा बंद करून पाजत होती, आणि आता तिला कळलं की हे सगळं पोराला बाधत होतं. "मी पथ्य पाळते हो मावशी," ती म्हणाली. "तिखट नाही, वांगं नाही, काही नाही." मालनबाई म्हणाल्या, "पथ्यान काय होता? काय काय बायांचा असताच तसा." आणि आपलं पातळ झटकून निघाल्या.

मृणालिनीला पटलं. चाळीस वर्षांचा अनुभव, शेकडो पोरं हातून गेलेली, असं ती म्हणाली. मी काय म्हणणार? मला दुधातलं काय कळतं? शनिवारी सकाळी मी कोपऱ्यावरच्या केमिस्टकडून पावडरीचा डबा आणून ओट्यावर ठेवला. गंधाली तो डबा बघून खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. आतून रडणं ऐकू येत होतं. माझ्याच हाताने मी तो डबा आणला होता, आणि मला स्वतःची लाज वाटत होती.

त्या शनिवारी आंघोळ झाली, घसा निघाला, पण शाब्बास म्हणायला गंधाली दारात नव्हती. ओजस झोपला. मालनबाई स्वयंपाकघरात स्टुलावर बसून चहा पीत होत्या. मी फोन घेऊन हर्षदसाठी व्हिडिओ कापत होतो. त्या म्हणाल्या, "भाऊ, सात म्हयने माजा शूटिंग करतास, माका एकदाव दावलात नाय."

मला ओशाळल्यासारखं झालं. मी स्टूल ओढून शेजारी बसलो आणि कालचा व्हिडिओ लावला. पाठवलेला ट्रेलर मी नेहमीप्रमाणे पुसून टाकला होता, त्यामुळे होता तो अख्खा. मालनबाईंनी चष्मा नीट केला. स्वतःला बघून आधी लाजल्या. "काय जाडी दिसतंय," म्हणाल्या. मग बघू लागल्या. मालिश, पाणी, तेलात बुडवलेलं बोट, उमासा, पालथा, थापट्या. फोनमधून आमचे आवाज आले, "शाब्बास! निघाला! शाब्बास!"

माझा ट्रेलर रोज इथेच संपायचा. पुढचं फालतू. पण आज व्हिडिओ पुढे चालू राहिला. मालनबाईंनी त्याला उलटा केला होता, त्याची मान दाराकडे, आमच्याकडे. डोळ्यांत पाणी, हनुवटीवर लाळ. त्याने मान उचलून आधी मृणालिनीच्या टाळ्यांकडे पाहिलं, मग गंधालीकडे, मग थेट कॅमेऱ्यात. आणि बोळकं पसरून हसला.

"थांबवा," मालनबाई म्हणाल्या. "परत लावा."

मी परत लावलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. मग विचारलं, "बोटां घालता त्येचा आसा काय?" तोही होता. दुपारी चटईवर असताना सहज घेतलेला, उलटी झाली म्हणून कोणाला न पाठवलेला. ओजस बसलाय, उशांचा टेकू. बोटं तोंडात, आत, उमासा, दूध बाहेर. मग फोनमध्ये आमची पळापळ, मृणालिनीचा आरडाओरडा. आणि त्या सगळ्या गोंधळात तो ओल्या हनुवटीने मान वर करून एकेकाच्या तोंडाकडे बघतोय. माझ्याकडे, आईकडे, आजीकडे. वाट बघतोय. कोणी टाळी वाजवत नाही. तो गोंधळतो, आणि पुन्हा बोटं घालतो.

मालनबाईंनी तो चार वेळा पाहिला. चहा गार झाला. चौथ्या वेळेनंतर फोन त्यांनी उलटा करून मांडीवर ठेवला.

"पोर शाब्बासकी मागता," त्या म्हणाल्या. "ह्येका मीच शिकवलंय."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "अहो, दात येताहेत त्याला, त्यानेही…"

"दातां येवदेत. पण ह्या मी शिकवलंय." त्यांनी गार चहा बाजूला सारला, म्हणाल्या, "चाळीस वर्सां पोरांक उलटा करतंय. बोट भायर काडला की पोर पालथा. त्येचा तोंड मी कदी बगूकच नाय, भाऊ."

मी चाळीस वर्षं फालतू काय ते ओळखण्याचे पैसे घेतले, आणि माझ्या नातवाचं ते हसू मी रोज न चुकता कापत आलो होतो. तेवढ्यापुरतं आम्हा दोघांचं दुःख सारखंच होतं. पण माझं काम कधीच संपलं होतं. त्यांना मात्र अजून दोन घरी बोट घालायला जायचं होतं.

त्या उठल्या. बाळंतिणीच्या खोलीत त्या ओल्या पायांनी कधी जात नसत. त्या दिवशी तशाच गेल्या, दार ढकलून. मी आणि मृणालिनी मागे. गंधाली पलंगावर ओजसच्या शेजारी आडवी होती, डोळे सुजलेले. मालनबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या, हात पदराला पुसले.

"गो, दूध तोडू नको. तुज्या दुधाक काय झालेला नाय. चूक माजी झाली. मी सांगितलंय ता इसर."

गंधालीला काही कळेना. मी व्हिडिओ दाखवला, माझ्या भाषेत समजावलं. ती दोनदा बघून उठून बसली आणि मालनबाईंना म्हणाली, "पण मावशी, टाळ्या तर आम्ही वाजवल्या ना." हे ती म्हणाली, याचं मला आजही कौतुक वाटतं. कालच तिला मालनबाईंचे शब्द जिव्हारी लागले होते.

मी डॉक्टर अस्मितांना फोन लावला आणि सगळं कबूल केलं. मग त्या म्हणाल्या, "काका, मी विचारलं होतं तुम्हाला." मी "हो" म्हटलं. त्यांनी मला व्यवस्थित धारेवर धरलं. बोटाने घशाला इजा होते, जंतू जातात, बाळ गुदमरू शकतं, कफ असा निघत नसतो. मग शांत झाल्या. म्हणाल्या, दात येत असतील, हात तोंडात घालायचं वयही आहे, सगळा दोष एकाच गोष्टीवर टाकू नका. पण बोट आजपासून बंद. आणि तो उलटी करेल तेव्हा कोणी हसायचं नाही, ओरडायचं नाही, धावायचं नाही. शांतपणे हात बाहेर काढायचा, पुसायचं, हातात दुसरं काहीतरी द्यायचं. पाजल्यावर अर्धा तास उभा धरायचा. दूध चालू. पंधरा दिवसांनी वजन.

ऐकायला सोपं वाटतं. सात महिन्यांचं पोर समोर उलटी करतंय आणि तुम्ही हवामान बघितल्यासारखा चेहरा ठेवायचा, हे एकदा करून बघा. मृणालिनी तोंडावर पदर धरून पाठ फिरवायची. मी पंख्याकडे बघायचो. ओजसला हा अपमान सहन होईना. आम्ही बघत नाही म्हटल्यावर त्याने दुप्पट जोर लावला, पहिले तीन दिवस उलट्या वाढल्याच. गंधाली रडकुंडीला आली. चौथ्या दिवशी मालनबाई म्हणाल्या, "शाब्बासकी बंद केलास, ता बरा. पण पोराक शाब्बासकी व्हयीच आसता. दुसऱ्या कशाची तरी देवया." आणि ओट्यावरून लाकडी चमचा घेऊन त्यांनी ओजसच्या मुठीत दिला, समोर पितळेचं पातेलं पालथं घातलं. त्याने हात हलवला, ठण्ण आवाज झाला. आम्ही चौघांनी टाळ्या वाजवल्या. त्याने चमचा बघितला, पातेलं बघितलं, आमच्याकडे बघितलं. आणि दिवसभर आमच्या घरात घण पडत राहिले.

पाजून झालं की उभा धरायचा आणि हातात चमचा. बोटं तोंडाकडे निघाली की कोणीतरी पातेलं पुढे सरकवायचं, गडबड न करता. कधी चमचा कामाला यायचा, कधी नाही. खालच्या मजल्यावरून चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ दोनदा विचारून गेले की काही दुरुस्ती चालू आहे का. दहाव्या दिवशी उलटी एकदाच झाली. बाराव्या दिवशी एकदाही नाही. तेराव्याला पुन्हा झाली आणि आमचा धीर खचला, पण मालनबाई म्हणाल्या, "हिसाब ठेवा नको. चमचो द्या."

त्यांच्या दुसऱ्या घरांचं मात्र वेगळं झालं. त्यांनी पहिल्याच सोमवारी दोन्हीकडे जाऊन सांगितलं की आपण यापुढे घसा काढणार नाही, आणि का, तेही सांगितलं. एका घरी ऐकून घेतलं. दुसऱ्या घरच्या आजीबाई म्हणाल्या, "मग तुम्हाला ठेवायचं कशाला? नुसतं पाणी तर आम्हीही घालू." ते काम गेलं. गंधालीने विचारलं, "का सांगितलंत मावशी? नुसतं बंद केलं असतंत तरी चाललं असतं ना?" त्या ओजसच्या पायाला तेल चोळत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "तेंच्या घरात पन एक सून आसा."

अठराव्या दिवशी आम्ही ओजसला घेऊन दवाखान्यात गेलो. डॉक्टर अस्मितांनी काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, पुन्हा ठेवून बघितला. तीनशे दहा ग्रॅम वाढलं होतं. तपासण्या नकोत म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला. मृणालिनीने तिथेच टाळ्या वाजवल्या आणि मग दचकून हात खाली घेतले.

घरी आलो तर मालनबाई दारापाशी जिन्यात बसल्या होत्या. आंघोळीची वेळ टळून गेली होती, तरी थांबल्या होत्या. गंधालीने आकडा सांगितला. त्या "बरा झाला" म्हणाल्या आणि आत येऊन स्टुलावर बसल्या. ओजसला भूक लागली होती, म्हणून गंधाली त्यांच्यासमोरच खुर्चीत बसून त्याला पाजायला लागली. एरवी मालनबाई अशा वेळी कामाला उठायच्या. त्या दिवशी बघत राहिल्या. मी पाणी आणून दिलं, ते हातात तसंच.

"माज्या पयल्याक पन असाच व्हयत होता," त्या म्हणाल्या.

गंधालीने मान वर केली.

"माजो दादू. परळाक. सासू रोज तेचो घसो काढी आनी सगळी चाळ बगूक उबी ऱ्हवी. शाब्बास म्हनत. मगे तो पन बोटां घालूक लागलो. सासू म्हनाली, सुनेचा दूध वायट. पाचव्या म्हयन्यात माजी छाती फडक्यान बांधल्यानी. दूध सुकासर बांधून ठेवल्यानी. तेका गोठ्यातला दूध पाजीत, आनी मी पलीकडे भिंतीकडे तोंड करून बसा. तेका माजो वास येव नये म्हनान." त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला. "धाकट्या पोरीक तर मी पयल्यापासूनच लावूक नाय. मीच नाय लावलंय. म्हटला, आपला दूध वायट, कशाक पोराक तरास."

मृणालिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने डोळ्यांना पदर लावला. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. चाळीस वर्षं ही बाई दुसऱ्यांची पोरं मांडीवर घेत आली आणि स्वतःच्या पोरांना आपलं दूध बाधलं, असं धरून चालली. आणि जे तिला सासूने सांगितलं, तेच ती गंधालीला सांगून बसली होती.

"म्हंजे माजा दूध वायट नव्हता?" त्यांनी विचारलं. माझ्याकडे नाही, मृणालिनीकडे नाही. गंधालीकडे बघून.

"नव्हतं, मावशी," गंधाली म्हणाली. "चांगलं होतं. दादूला लागत होतं ते."

ओजसचं पिऊन झालं होतं. गंधालीने त्याला उठवला आणि खांद्यावर न घेता सरळ मालनबाईंच्या हातात दिला. त्यांनी त्याला उभा धरला, तोंड आपल्याकडे करून. दोघं एकमेकांकडे बघत राहिली. त्याने हात वर केला आणि त्यांच्या नाकाला लावला.

"दादूक आज सांगतलंय," त्या म्हणाल्या.

दादू आता त्रेचाळीसचा, पोट सुटलेला, दोन मुलांचा बाप. मी विचारलं, "काय सांगणार?"

"तुका माजा दूध लागत होता, म्हनान."